सॅम्पल परत आलं म्हणून एक्स्पोर्टचा नाद सोडायचा का?

या वेळचं पत्र जरा मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. मी, माझी बहीण आणि दाजी मिळून लाकडी खेळणी बनवतो. छोटं युनिट आहे, काम चांगलं आहे, देशात माल नीट विकला जातो. मागच्या काही महिन्यांत बाहेरून दोन चौकश्या आल्या, एक जर्मनीतला डिस्ट्रिब्युटर आणि एक अमेरिकेतला ऑनलाइन विकणारा. जर्मनीवाल्याला आम्ही कुरियरने सॅम्पल पाठवलं, इनव्हॉइसवर 'हस्तकला वस्तू, गिफ्ट' आणि किंमत शून्य लिहिलं होतं कारण फुकटच देत होतो. ते तिथल्या कस्टम्समध्ये अडकलं आणि परत आलं, वर कुरियरने आमच्याकडूनच पैसे घेतले. तरी तो माणूस इंटरेस्टेड आहे, पण म्हणतो डीडीपी (तिथली ड्यूटी भरून त्याच्या दारात पोच) रेट द्या आणि पेमेंट माल मिळाल्यावर ९० दिवसांनी. दाजी म्हणतात बाहेरच्या देशांनी टॅरिफ आणि सर्टिफिकेटं मुद्दाम लावलीत, छोट्यांना आत येऊच द्यायचं नाही त्यांना. बहीण म्हणते दोन्ही ऑर्डरी घेऊन टाकू, बाकी नंतर बघू. मी मधे लटकलोय. काय करू?"

अरे, सॅम्पल परत आलं ते स्वस्तात सुटलास असं समज. हीच गोष्ट अख्ख्या ऑर्डरच्या मालाबरोबर झाली असती म्हणजे काय झालं असतं याचा विचार कर, आणि दाजींना सांग की त्या सॅम्पलवर टॅरिफचा संबंधच आला नाही, ते टॅरिफपर्यंत पोचलंच नव्हतं. तीन ठिकाणी गाडं अडलं. किंमत शून्य लिहिली, ते कस्टम्सला चालत नाही, तू फुकट दे नाहीतर आणखी कसं दे, वस्तूची खरी किंमत इनव्हॉइसवर लागतेच, खाली लिहायचं की सॅम्पल आहे, विक्रीसाठी नाही, किंमत फक्त कस्टम्ससाठी. दुसरं, 'गिफ्ट' हा शब्द. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला पाठवलेलं खोकं गिफ्ट नसतं आणि कस्टम्सवाल्यांनी हा शब्द इतक्यांदा पाहिलाय की तो दिसला की उलट जास्त बारकाईने बघतात. आणि तिसरं, जे सगळ्यात महत्त्वाचं, तू लिहिलंस हस्तकला आणि आत निघाली चाकाची गाडी. लहान मुलाच्या हातातली गाडी म्हणजे खेळणं, आणि युरोपात खेळण्यावर सीई मार्क, म्हणजे माल युरोपच्या सुरक्षा नियमांत बसतो अशी खूण, नसेल तर कस्टम्स ते थांबवून तिथल्या प्रॉडक्ट सेफ्टीवाल्यांकडे विचारायला पाठवू शकतं. तुझ्या खोक्यावर मार्कही नव्हता आणि वर्णनही भलतंच.

म्हणून सुरुवात एचएस कोडपासून कर. कुठला माल कस्टम्सच्या कुठल्या आकड्याखाली येतो याची वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनने बनवलेली ही यादी आहे, जगातल्या २०० हून जास्त देशांत वापरतात, पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे आणि पुढचे आकडे ज्या-त्या देशाचे. खेळणी ९५०३ मध्ये येतात, लाकडी शोभेच्या वस्तू ४४२० मध्ये. तुझ्या डोक्यात कदाचित आलं असेल की मग शोभेची वस्तू म्हणूनच पाठवू, टेस्टिंगची कटकटच नको, बरेच जण हे करतात आणि लेबलवर 'हे खेळणं नाही' असंही छापतात. त्याचा उपयोग नाही. युरोपचा नियम बघतो की ही वस्तू १४ वर्षांखालच्या मुलांना खेळण्यासाठी बनवलीय का, अमेरिकेत १२ वर्षं आणि त्याखालची मुलं धरतात, आणि ते ठरवताना वस्तू कशी दिसते, कुठे विकली जाते, जाहिरातीत कोणाच्या हातात आहे हे सगळं बघतात. तुझी रंगीत गाडी बघून कोणीही सांगेल काय आहे ते.

कोडबद्दल खरंच शंका असेल, म्हणजे एखादी वस्तू दोन्हीकडे बसू शकते असं वाटत असेल, तर अंदाजाने लिहू नकोस. बऱ्याच देशांत कस्टम्सकडून आधीच लेखी निर्णय घेता येतो, ॲडव्हान्स रूलिंग म्हणतात, डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) २०१७ पासून लागू झालेला जो ट्रेड फॅसिलिटेशन करार आहे त्यात सदस्य देशांनी हे द्यायचं मान्य केलंय. युरोपात तर तो निर्णय तीन वर्षं चालतो आणि सगळ्या २७ देशांत लागू पडतो. तुझा जर्मनीवाला यासाठी अर्ज करू शकतो, त्याला म्हणावं कर.

आता दाजींच्या मुद्द्यावर येते, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. काही नियम मुद्दाम असतात, हे खरंच आहे. आपल्या उत्पादकांना वाचवायचं असेल आणि ड्यूटी वाढवायला करारामुळे वाव नसेल तर देश स्टँडर्डची, लायसन्सची, तपासणीची भिंत उभी करतात, म्हणून तर डब्ल्यूटीओमध्ये तांत्रिक अडथळ्यांसाठी एक आणि अन्न, वनस्पती, प्राणी यांच्या तपासणीसाठी एक असे दोन वेगळे करार करावे लागले. पण खेळण्यांचं उदाहरण नेमकं उलटं आहे. २००७ मध्ये शिसं असलेल्या रंगाची लाखो खेळणी अमेरिकेत बाजारातून परत बोलवावी लागली, त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा कडक केला, आणि आज तिथे खेळण्याच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाखात ९० भाग एवढीच आहे. आणि हा नियम तिथल्या कारखानदारालाही तसाच आहे. दाजींनी हे मान्य केलं तरच पुढे काम होईल, कारण जोपर्यंत माणूस म्हणतोय की ते लोक वाईट आहेत तोपर्यंत तो रंगाच्या डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवत नाही, आणि टेस्टिंगवाला आधी तेच विचारतो.

टेस्टिंगचं जरा सविस्तर सांगते कारण तुझा खरा खर्च आणि वेळ इथे जाणार आहे. युरोपात ईएन ७१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्याचे बरेच भाग आहेत, तुला मुख्यतः पहिले तीन लागतील. पहिला भाग खेळणं तुटतं कसं, टोकं निघतात का, छोटे तुकडे सुटतात का हे बघतो, दुसरा जळण्याबद्दल, तिसरा रंगातून आणि लाकडातून कोणती द्रव्यं बाहेर येतात त्याबद्दल, त्यात एकूण १९ मूलद्रव्यं तपासतात. छोट्या तुकड्यांसाठी एक नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, लहान मुलाच्या घशाच्या मापाचं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा किंवा सुटू शकणारा भाग त्यात पूर्ण मावला की खेळणं फेल. तुझ्या गाडीची चाकं खुंटीवर बसवलेली असतील तर ती ओढून बघ, लॅबवाले ठराविक जोर लावून ओढतात, पिळतात, वरून टाकतात. माझ्या मते डिझाइनमध्ये बदल करायचा असेल तर टेस्टच्या आधी कर, फेल झाल्यावर पुन्हा पैसे भरून टेस्ट करणं हाच छोट्या युनिटचा सगळ्यात मोठा फटका असतो.

आणि एक गोष्ट नीट समजून घे, सीई मार्क कोणी देत नाही. तो बनवणाऱ्याने स्वतः लावायचा असतो, स्वतःच्या जबाबदारीवर, मागे टेक्निकल फाइल, म्हणजे नियम पाळल्याचे पुरावे, तयार ठेवून, आणि ती फाइल दहा वर्षं जपावी लागते. स्टँडर्डमध्ये तुझ्या खेळण्याचे सगळे धोके कव्हर होत असतील तर बाहेरच्या संस्थेचा शिक्का लागतच नाही, नसतील तर मात्र नोटिफाइड बॉडीकडे, म्हणजे अधिकृत मान्यता असलेल्या तपासणी संस्थेकडे, जावं लागतं. त्यामुळे इंटरनेटवर जे 'दोन दिवसांत सीई सर्टिफिकेट' म्हणून विकतात ना त्यांच्यापासून लांब राहा, सुंदर सोनेरी बॉर्डरचा कागद मिळतो आणि कामाला काही येत नाही. अमेरिकेत उलट आहे, तिथे लहान मुलांच्या वस्तूची टेस्ट त्यांच्या कंझ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने मान्य केलेल्या लॅबमध्येच व्हावी लागते आणि त्यावर सर्टिफिकेट द्यावं लागतं. म्हणजे एका लॅबचा एक रिपोर्ट दोन्हीकडे चालेल असं धरून चालू नकोस. लॅबला आधीच सांग की दोन्ही बाजार डोक्यात आहेत, कधीकधी एकाच सॅम्पलवर दोन्हीच्या काही टेस्ट एकत्र करून देतात.

लाकूड कुठलं वापरतोस ते तू लिहिलं नाहीस. शिसव असेल तर थांब. त्या जातीची जवळजवळ सगळी झाडं २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, परमिटशिवाय सीमा ओलांडणं अवघड, आणि ते परमिट माल पोचल्यावर काढता येत नाही. दुसरं लाकूड असेल तरी ते कुठून आणलं त्याच्या पावत्या ठेव, खरेदीदार आज नाही विचारणार, उद्या विचारेल.

हां, आणि पॅकिंग. खेळणी पास झाली आणि खालचा पॅलेट फेल झाला असं खरंच होतं. कच्च्या लाकडाच्या पॅलेट-खोक्यांना आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम लागतो, किडे एका देशातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. लाकडावर मान्य प्रक्रिया झालेली पाहिजे, बहुतेकदा ते गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवतात, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का पाहिजे. प्लायवूडला हे लागत नाही, म्हणून सोपा मार्ग म्हणजे प्लायवूड नाहीतर पुठ्ठा. तुमच्याकडे सुतारकाम घरातच होतं म्हणून पॅलेट पण उरलेल्या लाकडाचा ठोकून द्याल, तेवढं करू नका.

आता तो डीडीपीचा प्रश्न, आणि इथे मी तुला स्पष्ट सांगते, नाही म्हण. डीडीपी म्हणजे डिलिव्हर्ड ड्यूटी पेड, इनकोटर्म्समधली, म्हणजे माल कोणी कुठपर्यंत पोचवायचा आणि खर्च-रिस्क कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय टर्ममधली, विकणाऱ्यावर सगळ्यात जास्त ओझं टाकणारी टर्म. ऐकायला वाटतं की काय, ड्यूटी भरायची, रेटमध्ये जोडून देऊ. पण ड्यूटीबरोबर तिथला व्हॅट येतो, तो भरायला तिथे रजिस्ट्रेशन लागतं, कस्टम्सपुढे आयात करणारा म्हणून जबाबदारी तुझी होते आणि तू त्या देशात नाहीस. युरोपात सीई मार्कच्या खेळण्यासाठी २०२१ पासून युरोपात बसलेला कोणीतरी जबाबदार माणूस किंवा कंपनी लागतेच, जर्मनीवाला स्वतः इम्पोर्टर झाला की तो प्रश्न आपोआप सुटतो, तू डीडीपी दिलंस की तो माणूस तुला वेगळा पैसे देऊन शोधावा लागेल. वर जर्मनीचा पॅकेजिंगचा कायदा आहे, पुठ्ठ्या-प्लास्टिकचा कचरा गोळा करायचा खर्च भरायला २०१९ पासून एका रजिस्टरमध्ये नाव नोंदवावं लागतं, आणि ते कोणी नोंदवायचं तर सीमा ओलांडताना मालाची कायदेशीर जबाबदारी ज्याची त्याने. बघ, एका तीन अक्षरी टर्मने किती गोष्टी तुझ्या गळ्यात आल्या. आणि तो डिस्ट्रिब्युटर आहे, रोज इम्पोर्ट करत असणार, त्याच्याकडे हे सगळं आधीपासून आहे. तो मागतोय कारण मागायला पैसे पडत नाहीत.

त्याला एफसीए दे. माल तू तुझ्या बाजूने एक्स्पोर्ट क्लिअर करून त्याच्या फॉरवर्डरच्या, म्हणजे वाहतूक एजंटच्या, ताब्यात द्यायचा, पुढचं त्याचं. एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंत माल तुझ्या जबाबदारीवर, सगळ्यांना माहीत असतं म्हणून लोक तेच लिहितात पण ते खरं जहाजावर सुटा माल चढवायच्या जमान्यातलं आहे, कंटेनरचा माल तू टर्मिनलवर देतोस आणि जहाजावर चढेपर्यंत तो कोणाच्या हातात असतो ते तुला दिसत पण नाही, तरी रिस्क तुझी. तो फारच अडला तर डीएपी पर्यंत जा, म्हणजे त्याच्या दारापर्यंत भाडं तुझं पण ड्यूटी, व्हॅट आणि क्लिअरन्स त्याचा. त्यापुढे नाही.

पेमेंट. ९० दिवस ओपन अकाउंट, म्हणजे सरळ उधारी, तेही माल मिळाल्यावर, तेही पहिल्या ऑर्डरला, तेही ज्याला तू कधी भेटला नाहीस त्याला. बहिणीला हिशेब मांडायला सांग, लाकूड आणि रंग आज घ्यायचे, बनवायला महिना-दीड महिना, समुद्राने जायला महिना-दीड, मग ९० दिवस, म्हणजे पैसा टाकल्यापासून परत यायला अर्धं वर्ष. तेवढे दिवस देशातल्या ऑर्डरींसाठी कच्चा माल कुठून आणणार? माझ्या मते बरेचसे छोटे एक्स्पोर्टर ड्यूटीने किंवा स्टँडर्डने बुडत नाहीत, ते पहिल्याच चांगल्या ऑर्डरने बुडतात, कारण ऑर्डर खरी असते, माल चांगला असतो, ग्राहक पण प्रामाणिक असतो, फक्त मधले सहा महिने पगार द्यायला पैसे नसतात.

मग कसं मागायचं. छोट्या पहिल्या ऑर्डरला काही भाग ॲडव्हान्स आणि बाकी डॉक्युमेंटच्या कॉपी पाठवल्यावर, हे जगभर चालतं, मागायला लाजू नकोस. लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी, चांगलं असतं पण छोट्या रकमेला बँकेचा खर्च परवडत नाही, आणि त्यात एक गोम आहे, बँक माल बघत नाही, कागद बघते. यूसीपी ६०० म्हणून बँकांचे नियम आहेत, त्यात कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस आणि तुला माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद द्यायचे, आणि कागदातला तपशील एलसीशी जुळला नाही, एखादी तारीख पुढे-मागे झाली, एखादं सर्टिफिकेट राहिलं तरी बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, काढून पैसे थांबवू शकते. एलसी घ्यायची झालीच तर ड्राफ्ट आधी मागव आणि ज्या अटी तुझ्या हातात नाहीत त्या काढून टाकायला लाव, उदाहरणार्थ खरेदीदाराच्या माणसाने सही केलेलं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट, त्याने सहीच केली नाही तर?

बँकेमार्फत कागद पाठवून पैसे भरल्यावरच कागद द्यायचे असाही प्रकार आहे, डीपी म्हणतात, तो एलसीपेक्षा स्वस्त. पण लक्षात ठेव, हे समुद्राच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, चालतं कारण तो कागद ज्याच्या हातात त्याचा माल. विमानाच्या एअरवे बिलाला ती ताकद नसते, ज्याचं नाव कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून आहे तो कागद न दाखवता माल घेऊन जाऊ शकतो. तू विमानाने माल पाठवून डीपीवर निवांत बसलास तर तिकडे माल दुकानात लागलेला असेल. आणि समुद्राने पाठवला तरी खरेदीदाराने हात वर केले तर माल पोर्टवर पडून रोज डेमरेज, म्हणजे पडून राहिल्याचं भाडं, चढतं, म्हणून डीपीवर पाठवताना पण थोडा ॲडव्हान्स घेच. पुढे नातं जमलं की ९० दिवस दे, तेव्हा एक्स्पोर्ट क्रेडिट इन्शुरन्स काढ, बहुतेक देशांत यासाठी सरकारी किंवा सरकारने पाठिंबा दिलेली संस्था असते, ती तो खरेदीदार कसा आहे हे पण तपासून सांगते. खरं तर तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे जावं असं मला वाटतं. त्यांनी जर त्या नावावर कव्हर द्यायला नकार दिला तर तुला उत्तर मिळालंच की.

अमेरिकेचं थोडक्यात. ती ऑर्डर आत्ता घेऊ नकोस. तो ऑनलाइन विकणारा आहे म्हणजे त्याचा बेत बहुतेक एक-एक पार्सल थेट ग्राहकाला पाठवायचा असणार, पूर्वी ८०० डॉलरच्या आतली पार्सलं तिथे ड्यूटीशिवाय जायची, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. आणि टॅरिफच्या बाबतीत दाजी इथे मात्र बरोबर आहेत. खेळण्यांवर अमेरिकेची मूळ ड्यूटी शून्य, कागदावर एकदम मोकळा बाजार, तरी २०२५ मध्ये त्यांनी जवळजवळ सगळ्या देशांच्या मालावर वरून वेगळे टॅरिफ लावले आणि काही महिन्यांत आकडे किती वेळा बदलले. माल समुद्रात असताना रेट बदलला तर तो वाढीव पैसा कोण भरणार हे करारात लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. मोठ्या कंपन्या ते सोसतात, गोडाऊन भरून ठेवतात, माल दुसऱ्या देशाकडे वळवतात, तुला यातलं काही जमणार नाही. त्याला नम्रपणे लिही की सहा महिन्यांनी बोलू, आणि तुमच्या बाजूने इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कस्टम्सपुढे आयातीला जबाबदार, कोण आहे ते कळवा. त्याने उत्तर दिलं तर माणूस गंभीर आहे.

एकच देश धरण्यामागे माझं कारण एवढंच की प्रत्येक देशाचं लेबल, भाषा, टेस्ट, कागद वेगळे आणि तुमच्याकडे हे बघायला एकच डोकं आहे, तुझं. जर्मनीत धोक्याच्या सूचना जर्मनमध्येच लागतात, त्या भाषांतराच्या ॲपवरून काढून छापू नकोस, खरेदीदाराकडून लेखी मजकूर मागव.

वाहतुकीत खेळण्यांचा त्रास असा की वजन कमी आणि जागा जास्त. अर्ध्या-मुर्ध्या कंटेनरला, एलसीएल म्हणतात त्याला, भाडं घनमीटर किंवा टन यातलं जे जास्त भरेल त्यावर, म्हणजे तू बहुतेक हवेचेच पैसे भरणार. खेळणी सुट्या भागात पॅक करता आली तर बघ, पण मग सुट्या भागांचे टेस्टचे नियम पुन्हा बघ. एलसीएलमध्ये आणखी एक कटकट, त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाचे कागद चुकले तर तुझा माल पण अडकू शकतो, यावर इलाज नाही, वेळ धरून ठेवायचा. आणि कंटेनरच्या आत दमट होतं, रात्री छताला पाणी धरतं आणि थेंब खाली पडतात, लाकूड फुगतं, बुरशी येते. लाकूड नीट वाळवून, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाकूनच पॅक कर.

डीएपीवर गेलास तर इन्शुरन्स काढ, छोटा माल आहे म्हणून सोडू नकोस. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं होतं ते आठवतंय ना, त्याच्या मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चाचा वाटा जहाजावर माल असलेल्या प्रत्येकाने द्यायचा, तुझा माल सुखरूप असला तरी. इन्शुरन्स असला की ते कंपनी बघते. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि आठवडा-दोन आठवडे वाढले, म्हणून खरेदीदाराला डिलिव्हरीची पक्की तारीख देऊ नकोस, माल रवाना करायची तारीख दे. सणाच्या सीझनचा माल असेल तर तो उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेला बरा अशी त्यांची भूमिका असते.

ओरिजिन सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्याच्या दाखल्याबद्दल, एवढंच, तुझ्या देशाचा आणि युरोपचा व्यापार करार असेल तर कमी ड्यूटी मिळू शकते, पण माल 'तुमच्या देशात बनलेला' ठरायचे त्या करारात नियम असतात आणि चाकं, चुंबकं, रंग तिसऱ्या देशातून आणलेले असतील तर हिशेब करावा लागतो. खोटा दावा केला तर दंड आणि फरक आधी तुझ्या खरेदीदाराकडून वसूल होतो, काही वर्षांनी सुद्धा, आणि तो तुझ्याकडे येतो. युरोपची ॲक्सेस टू मार्केट्स नावाची साइट आहे, फुकट आहे, त्यात तुझा कोड आणि देश टाकला की ड्यूटी, लागणारे कागद, ओरिजिनचा नियम सगळं निघतं. आज रात्री दाजींना शेजारी बसवून ते उघड, टॅरिफचा आकडा त्यांना स्वतःला वाचू दे. याशिवाय डब्ल्यूटीओच्या प्रत्येक सदस्य देशाने स्टँडर्डची चौकशी करायला एक एन्क्वायरी पॉइंट ठेवायचा असतो, तिथे मेल टाकून विचारता येतं, फार कमी लोक विचारतात. आणि ईपिंग नावाच्या ऑनलाइन सूचना सेवेवर नाव नोंदवलंस की तुझ्या मालाबद्दल कुठल्या देशात नवा नियम येतोय त्याचा मेल येतो, बऱ्याचदा लागू व्हायच्या आधी.

तुमचा ब्रँड पण तिकडे रजिस्टर करून ठेव कधीतरी, ट्रेडमार्क जिथे नोंदवला तिथल्यापुरताच असतो आणि उद्या तोच डिस्ट्रिब्युटर तुमचा ब्रँड स्वतःच्या नावावर रजिस्टर करून बसला तर तुम्हालाच तुमचं नाव वापरता येणार नाही. आत्ता घाई नाही, पण दुसऱ्या ऑर्डरच्या आधी.

तर बहिणीला सांग ऑर्डर घेतोय पण एकच, आणि ती पण दोन-तीन डिझाइनची. जास्त डिझाइन म्हणजे जास्त टेस्ट, एकाच रंगाची आणि एकाच लाकडाची खेळणी निवडली तर लॅब काही टेस्ट एकत्र करू देते. पहिल्या ऑर्डरची रक्कम एवढीच ठेव की ती पूर्ण बुडाली तरी युनिट चालू राहील. रेट युरोमध्ये दे पण त्याची मुदत घाल, ३० दिवसांपुरता वगैरे, चलन हललं की तुझा नफा तेवढ्यातच जातो.

जर्मनीवाल्याला मेल आज नाही, लॅबकडून खर्च आणि दिवस कळल्यावर टाक. त्यात लिही की डीडीपी जमणार नाही, एफसीए रेट सोबत आहे, पहिल्या ऑर्डरला ॲडव्हान्स लागेल आणि तिसऱ्या ऑर्डरपासून क्रेडिटबद्दल बोलू, ईएन ७१ चे रिपोर्ट अमुक तारखेपर्यंत येतील, ते आले की नवीन सॅम्पल पाठवतो. बँक डिटेल्स मेलमध्ये पाठवशील तेव्हा फोन करून पण सांग आणि हे पण सांग की आमचं खातं बदललं असा मेल आला तर फोन केल्याशिवाय पैसे टाकू नका, मेल हॅक करून मधल्यामधे खातं बदलायचे प्रकार फार चालतात. आणि त्याचा ईओआरआय नंबर मागून घे, युरोपात इम्पोर्ट करणाऱ्या प्रत्येक कंपनीला कस्टम्सचा तो नंबर असतोच, या वेळी सॅम्पलच्या इनव्हॉइसवर तो, ९५०३ चा कोड, 'लाकडी खेळणं' असं सरळ वर्णन आणि खरी किंमत, एवढं लिहून पाठव.